चाळीस फुटी शुभेच्छा

जबाब
पोलीस ठाणे शिराळा, जि. सांगली
दिनांक १४/०८/२०२५, वेळ सकाळी ११.१० वा.

मी, पायल सोपान होवाळ, वय ३३ वर्षे, धंदा फ्लेक्स डिझाइन व छपाई, शिक्षण बी.ए., रा. एस.टी. स्टँडच्या पाठीमागे, शिराळा. समक्ष विचारल्यावरून जबाब देते की,

मी वरील ठिकाणी आई बनाबाई, वय ६१, व धाकटा भाऊ रोहन, वय २६, यांच्यासह राहण्यास आहे. माझे वडील बोर्ड रंगवण्याचे काम करीत. सन २०१६ मध्ये ते वारल्यानंतर मी सांगलीला डी.टी.पी.चा कोर्स करून राहत्या घराच्या पुढच्या खोलीत 'सोपान आर्ट्स' हे दुकान चालू केले. वाढदिवस, निवड, नियुक्ती, पुनर्नियुक्ती, दहावी पास, बैल पहिला आला, अशा सर्व प्रकारचे फ्लेक्स मी करते. चौदा एप्रिलला आमच्या वस्तीतल्या फ्लेक्सचे डिझाइन मी फुकट करते. शिराळ्यात कुणाचे कुणाशी जमते आणि कुणाचे फाटले, हे तलाठ्याच्या आधी मला कळते, कारण शुभेच्छुकांच्या यादीतून नाव काढायला माणूस माझ्याकडेच येतो.

मला मुद्द्याचे सांगा असे सांगण्यात आल्याने मुद्द्याचे सांगते.

मानसिंग आप्पासो खोचरे यास मी सन २०२१ च्या जुलै महिन्यापासून ओळखते. तो त्याआधी शिरवळच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. लॉकडाऊनमध्ये कामावरून कमी केल्यावर तो गावी आला. तो एका दुपारी दुकानात आला तेव्हा त्याच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. त्याला तीन बाय दोनचा एक बोर्ड हवा होता. मजकूर त्याने वहीच्या कागदावर लिहून आणला होता : 'मानसिंग ॲग्रो, द्रवरूप सेंद्रिय खत'. मी अक्षरे किती मोठी घेऊ असे विचारले. त्यावर तो म्हणाला, "ताई, मोठी घ्या, पर लय मोठी नको. खत हाय, सोनं न्हाई." मला तो माणूस आवडला. हे लिहिले नाही तरी चालेल, पण खरे आहे.

तो बोर्ड त्याने गावापासून चार किलोमीटरवर, डोंगराच्या रस्त्याला असलेल्या बंद पोल्ट्रीच्या शेडवर लावला. शेडला नवीन पत्रे पडले, मोठे जनरेटर आले. निळे ड्रम टेम्पोने आत जाताना मी स्वतः पाहिले आहेत. खत विकत घेतलेला एकही शेतकरी मला त्या चार वर्षांत भेटला नाही. हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवे होते. मी बोर्ड करणारी, खत बघणारी नाही, असे मी स्वतःला सांगत असे.

सन २०२२ च्या मार्चमध्ये मानसिंगच्या वाढदिवसाचा पहिला फ्लेक्स झाला. आकार सहा बाय चार, शुभेच्छुक पाच, उपाधी 'युवा उद्योजक'. पुढच्या वर्षी दहा बाय पंधरा, 'युवकांचे आशास्थान'. त्याच्या पुढच्या वर्षी वीस बाय तीस, 'किंगमेकर'. मी विचारले, "दादा, किंग कोण?" तो म्हणाला, "ते अजून ठरलं न्हाई ताई, जागा ठिवा."

या काळात त्याने गावाला रुग्णवाहिका दिली, क्रिकेटचे सामने भरवले, नागपंचमीला स्टँडपासून देवळापर्यंत लाइटिंग केले. वर पुढाऱ्यांचे फोटो टाकायला तो सांगे आणि पुढाऱ्यांना विचारायचे आपल्यात रीत नाही, त्यामुळे मी टाकत असे. लोक त्याला रस्त्यात थांबवून पाया पडू लागले. तो शेवटपर्यंत दुकानात आला की बाहेर चपला काढत असे. चपला आता जोडीच्या होत्या.

सन २०२३ मध्ये त्याने सांगलीत हळदीचे गोडाऊन घेतले. तेथे त्याचा आतेभाऊ शंभूराज बसत असे. शेडमध्ये एम.डी. नावाची नशेची पावडर तयार होत असे व सांगलीतून ती हळदीच्या पोत्यांमधून मुंबई, पुणे आणि पुढे जात असे, हे मला अटकेनंतर पोलिसांकडून समजले. तेव्हा मला एवढेच माहीत होते की खताच्या धंद्यात हळद आली आणि दोन्ही धंदे जोरात आहेत.

त्याच वर्षी माझा भाऊ रोहन हा आय.टी.आय. करून घरी बसून होता. त्याला कामाला घ्या, असे मानसिंगला मी सांगितले. मानसिंगने मला विचारले नव्हते, रोहनने मला सांगितले नव्हते. मीच सांगितले. हे वाक्य असेच ठेवावे.

मानसिंगने त्याला टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून घेतले. रोहन शेडवरून घरी आला की त्याच्या कपड्यांना औषधी, उग्र असा वास येत असे. आमच्या घरात छपाईच्या शाईचा आणि सॉल्व्हंटचा वास कायम असतो. त्यामुळे आईला वाटायचे वास दुकानाचा, मला वाटायचे वास टेम्पोचा. पुढे त्याच्या तळहातांची कातडी सोलू लागली. आई रोज सकाळी त्याच्या हातांना खोबरेल तेल चोळत असे. "खत लय तिखट हाय गं," असे तो म्हणे आणि आम्ही तिघे हसत असू.

आता भांडणाचे सांगते. फ्लेक्सवर कुणाचा फोटो केवढा, हे मानसिंग स्वतः ठरवत असे. सन २०२४ च्या दिवाळीत शंभूराजने मला सांगलीहून फोन केला. "पायलताई, माझा फोटो मानसिंगच्या खांद्याएवढा हाय. धंदा मी चालवतोय आन् ह्यो मला खिशात ठिवतोय व्हय?" मी सांगितले, मला जसे सांगतात तसे मी लावते. तो म्हणाला, "मग आता मी सांगतोय." गिऱ्हाईक गिऱ्हाईक असते. मी शिराळ्यासाठी मानसिंग मोठा व सांगलीसाठी शंभूराज मोठा, असे दोन फ्लेक्स केले. दोन गावांत साठ किलोमीटरचे अंतर आहे, कोण बघणार, असे मला वाटले. दोन्ही फ्लेक्सचे फोटो संध्याकाळपर्यंत एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर पडले.

त्यानंतर दोघांचे बोलणे बंद झाले. एवढी मोठी टोळी माझ्या फ्लेक्सने फुटली असे माझे म्हणणे नाही. ती फुटणारच होती, मी फक्त तारीख दिली. मानसिंगचा एक नियम होता असे मला अटकेनंतर समजले, गावात पावडर एक चिमूटही विकायची नाही. त्यामुळे तो पापभीरू आहे असे त्याला स्वतःला वाटत असावे. शंभूराजने त्याच्याशी फाटल्यावर तो नियम मोडला. सांगली, इस्लामपूर आणि शिराळ्यात पोरांना पुड्या मिळू लागल्या.

येथील जिमचा ट्रेनर अमृत, वय २८, हा माझा गिऱ्हाईक होता. जिमच्या जाहिरातीसाठी त्याचेच दोन फोटो मी केले होते, व्यायामाआधी आणि व्यायामानंतर. यावर्षी मे महिन्यात तो दुकानात आला तेव्हा 'आधी'च्या फोटोपेक्षाही अर्धा झाला होता. तो उभ्या उभ्या दात खात होता आणि एकच गोष्ट तीनदा सांगत होता. मी त्याला डाएट कमी कर म्हटले.

जुलै महिन्यात गावच्या चार जाणत्या माणसांनी मानसिंग आणि शंभूराज यांना एकत्र बसवून समेट घडवला. त्यांना भांडण हळदीवरून आहे असे वाटत होते. समेटाची खूण म्हणून नागपंचमीला एक होर्डिंग लावायचे ठरले, चाळीस बाय वीस, शिराळ्यात आजवर झाले नव्हते एवढे. मध्ये मानसिंग आणि शंभूराज, दोघे अगदी सारखे. शंभूराजने समोर बसून पट्टी लावून मोजले आणि "अजून स्पष्ट करा, डोळं उठून दिसू द्या," असे सांगितले. मी त्याच्या चेहऱ्याचे काम दीड तास केले. खाली त्यांची बारा माणसे. पहिल्यांदाच त्यात रोहन होता. त्याने गॉगल लावलेला फोटो पाठवला होता. मी तो घेतला नाही. आय.टी.आय.च्या निरोप समारंभातला, हसणारा घेतला. त्याला मी थोडा उजेड जास्त दिला. आई रिक्षाने होर्डिंग बघायला गेली होती.

दिनांक २९/०७/२०२५ रोजी नागपंचमी झाली. दिनांक ३१/०७/२०२५ रोजी सकाळी मुंबईहून आलेल्या पथकाने शेडवर छापा टाकला. मुंबईत पकडलेल्या एका इसमाने शेडचा पत्ता दिला होता असे समजले. मानसिंगला घरून उचलले, तो आंघोळीला बसला होता. त्याला टॉवेलवर आणले, असे गावात म्हणतात. मी पाहिले नाही.

त्या दिवशी सकाळी दहापासून माझा फोन थांबला नाही. चार दिवसांपूर्वी "ताई, माझा फोटो पुढं घ्या की" म्हणणारे "ताई, माझा फोटो काढा की" म्हणत होते. मी त्यांना सांगितले की फ्लेक्स एकदा वर चढला की तो माझ्या हातात राहत नाही. तेव्हा भर दुपारी एक एक जण ब्लेड घेऊन शिडीवर चढला आणि स्वतःचा चेहरा कापून खाली उतरला. शिडी धरायला लोक मदत करत होते. एकाने घाईत शेजारच्याचा चेहरा कापला आणि दोघांचे शिडीवरच भांडण लागले. शंभूराजने माणूस पाठवून आपला चेहरा काढून नेला, तो उचलायला चार जण लागले. मानसिंगचा चेहरा कुणी कापला ते कुणी सांगत नाही. संध्याकाळी तेथे नुसत्या शुभेच्छा राहिल्या होत्या आणि चौदा भोके, त्यांतून मागच्या घराचे वाळत घातलेले कपडे दिसत होते. मी हसले. सगळे हसत होते. नंतर मला समजले की डावीकडून चौथे भोक रोहनने पाडले आणि तो तसाच निघून गेला. घरी आला नाही.

दिनांक ०२/०८/२०२५ रोजी पोलीस उपनिरीक्षक पल्लवी शिर्के मॅडम दुकानात आल्या. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या फोटोत चेहरे ज्वारीच्या दाण्याएवढे होते, मोठे केले की नुसते चौकोन दिसत. म्हणून त्यांनी होर्डिंगची मूळ फाइल नावांसह मागितली. मी दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्हवर ती दिली. देण्याआधी मी त्यातून रोहनचा फोटो काढला आणि बाकीचे फोटो सरकवून जागा भरली. या कामाला मला सहा मिनिटे लागली. हे काम मला चांगले येते.

मॅडमनी फाइल बघून विचारले, "होर्डिंगला भोकं चौदा आहेत, यात फोटो तेरा कसे?" मी सांगितले की एकाचा फोटो चुकून दोनदा लागला होता. हे मी खोटे सांगितले. मॅडमनी चहा नको म्हटले आणि त्या गेल्या.

अटक झालेल्यांपैकी कुणीही रोहनचे नाव घेतले नाही. टेम्पोचा ड्रायव्हर कर्नाटकातला होता, नाव माहीत नाही, असे मानसिंगने सांगितल्याचे मला समजले. मला वाटले, माझ्याकडे बघून त्याने हे केले. मी मनात त्याचे आभार मानले.

दिनांक ०६/०८/२०२५ रोजी रोहन घरी आला. तो आटपाडीकडे एका मित्राच्या मळ्यात होता. त्याची दाढी वाढली होती. मी त्याला सांगितले की तुझे नाव कशातच नाही, निवांत राहा. तो जेवला आणि झोपला.

दिनांक ०९/०८/२०२५ रोजी अमृतची आई दगडाबाई दुकानात आली. अमृत मिरजेला दवाखान्यात आदल्या दिवशी वारला. ती म्हणाली, "बाळा, त्येचा तो जिमातला फोटू हाय न्हवं तुझ्याकडं, त्योच लाव. लोकांनी त्येला तसाच बघूदे." मी चार बाय तीनचा 'भावपूर्ण श्रद्धांजली' केला. तिने पदराची गाठ सोडायला घेतली, मी तिचा हात धरला. फ्लेक्स मशीनमधून बाहेर यायला अकरा मिनिटे लागतात. तेवढा वेळ ती मशीनसमोर उभी होती. रोहन आतल्या खोलीत होता. त्याने दार उघडले नाही.

दिनांक ११/०८/२०२५ रोजी दुपारी तीनच्या सुमारास मला अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज शंभूराजचा होता. तो फरारी होता. तो म्हणाला, "पायलताई, रोहनचा फोटो काढलास ते लय झ्याक केलंस. मानसिंगनं बी नाव दाबून ठिवलं. आता आमच्यात ह्यो एकटाच धुतल्या तांदळासारखा हाय. चार पोती राहिल्यात सांगलीत. उद्या चारला त्यानं शिरवळला आणायची, हायवेच्या हॉटेलावर. मग ह्यो सुटला, मी बी सुटलो." मी नाही म्हटले. तो हसला. "तू नगं म्हणून काय हुतंय? त्येला विचार, त्यो व्हय म्हणलाय." मानसिंगने नाव का घेतले नव्हते, ते मला त्या वेळी समजले.

दिनांक १२/०८/२०२५ रोजी सकाळी आई रोहनच्या हातांना तेल लावत होती. मी फोनचे सांगितले. रोहन म्हणाला, "एकदाच हाय म्हणत्यात." आई म्हणाली, "कोण म्हणतंय? ज्यांनी सवताचं त्वांड कापून न्हेलं, त्ये?" रोहन म्हणाला, "मग काय करू आई? न्हाई गेलो तर त्ये माझं नाव सांगत्याल." मी म्हटले, "नाव कुठं नाहीच तुझं. मी काढलंय." तेव्हा त्याने आईच्या हातातून हात ओढून घेतला. तो मला म्हणाला, "तायडे, काढताना मला विचारलंवतंस का? मी हाय पर मी न्हाई, असं करून ठिवलंयस तू मला. आता कोण बी येतंय आन् न्हेतंय." असे तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. कामाला लावतानाही मी त्याला विचारले नव्हते, हे तो बोलला नाही.

आईने तेलाच्या बाटलीला झाकण लावले. मग आई म्हणाली, "दगडाबाई रोज सकाळी आपल्या दारावरनं पाण्याला जाती. मला तिच्याशी बोलायचं हाय रं. सांग मला, काय बोलू?"

रोहन उठला, त्याने दाढी केली आणि शर्ट बदलला. मला वाटले तो सांगलीला निघाला. तो गाडीच्या चावीसाठी माझ्यापुढे हात करून म्हणाला, "चल, शिर्के मॅडम किती वाजता येत्यात ठाण्यात?" आम्ही नऊ वाजून दहा मिनिटांनी पोलीस ठाण्यात आलो. गाडी त्याने चालवली. वाटेत त्याने एकदाच तोंड उघडले, मागचा टायर बदलायला झालाय म्हणाला.

रोहनने त्याला माहीत असलेले सर्व मॅडमना तोंडी सांगितले. त्यानंतरचे मी स्वतः पाहिलेले नाही, मला मॅडमनी सांगितले आहे. ठरल्याप्रमाणे रोहन टेम्पो घेऊन गेला. त्याच्या शेजारी क्लीनर म्हणून एक पोलीस हवालदार बसले होते. पोती सांगलीतच पंचांसमक्ष जप्त झाली होती व टेम्पोत साधी हळद होती. शिरवळ येथे चार वाजून वीस मिनिटांनी शंभूराज उसाचा रस पीत असताना त्यास ताब्यात घेतले. त्याने मिशी काढली होती व टोपी घातली होती. तो मी नव्हेच, माझे नाव दुसरेच आहे, असे तो सांगू लागला. तेव्हा मॅडमनी मी दिलेल्या फाइलमधला त्याचा फोटो मोबाइलवर काढून त्याच्या चेहऱ्याशेजारी धरला. डोळे चांगले उठून आले होते. त्याने रस संपवला आणि बेड्यांसाठी हात पुढे केले.

त्याच दिवशी सायंकाळी रोहनलाही अटक करण्यात आली. त्याने आपण होऊन दिलेली माहिती कागदावर येईल, असे मॅडमनी सांगितले. त्याहून जास्त कसलेही आश्वासन मला दिलेले नाही व मी मागितलेले नाही. काल आईने त्याच्यासाठी खोबरेल तेलाची बाटली पाठवली होती, ती आत घेता येत नाही म्हणून परत आली. आई आज सकाळी दगडाबाईंच्या घरी गेली आहे. तेथे काय बोलणे झाले ते मला माहीत नाही.

पोलिसांना दिलेल्या फाइलमध्ये मी बदल केला व विचारल्यावर खोटे सांगितले. तो गुन्हा आहे, याची मला समज देण्यात आली आहे. त्याबाबत जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. मी आज होर्डिंगची मूळ फाइल, तसेच माझ्या दुकानातील संगणकाची हार्ड डिस्क, स्वखुशीने हजर केली आहे. फाइल मला पडद्यावर उघडून दाखवण्यात आली व त्यातील चौदाही चेहऱ्यांची नावे मला विचारण्यात आली. तेरा जणांची नावे मी वेगळ्या कागदावर लिहून दिली आहेत. खालच्या ओळीतील डावीकडून चौथा, निळ्या शर्टातला, हसणारा इसम रोहन सोपान होवाळ हा आहे. मी त्यास ओळखते. तो माझा सख्खा भाऊ आहे.

एवढाच माझा जबाब. तो संगणकावर घेऊन मला सावकाश मोठ्याने वाचून दाखवला, मी तो पडद्यावरही वाचला. त्यात माझ्या तोंडचे नाही असे काही नाही आणि मी सांगितलेले काही गाळलेले नाही.

समक्ष,
(पल्लवी शिर्के)
पोलीस उपनिरीक्षक

(पायल सोपान होवाळ)